कोनची द्राक्षं

रजेच्या शेवटच्या दिवशी काहीही करायचं नाही, हे मी रजेच्या पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. पण काहीही न करण्यालासुद्धा जागा लागते आणि ती आमच्या घरात नाही. पनवेलच्या आमच्या इमारतीत एखादी बाई नुसती बसलेली दिसली, की तिला बरं नसावं असं समजून शेजारणी लिंबाचं सरबत घेऊन येतात. सरबत संपल्यावरही त्या बसून राहतात.

मी पाणी तपासते. तळोज्याच्या एका खासगी प्रयोगशाळेत बाटल्यांतून आलेलं पाणी पिण्याजोगं आहे की नाही, ते सांगणं हे माझं काम. या कामात फारसं बोलावं लागत नाही आणि जे बोलावं लागतं ते खरं असावं लागतं. दोन्ही अटी माझ्या स्वभावाला मानवल्या आहेत. हे आधीच सांगून ठेवते, कारण त्या दिवशी पनवेलजवळच्या कोन गावातल्या एका मुलाचं लग्न जमणार की मोडणार हे माझ्या गाठी मारण्याच्या कौशल्यावर येऊन ठेपलं, आणि त्यात माझा स्वतःचा काहीही स्वार्थ नव्हता.

मुलाचे वडील कमळाकरशेठ. आमची इमारत त्यांच्या जुन्या भातखाचरावर उभी आहे. त्यामुळे आम्ही सगळे बिऱ्हाडकरू हे आपल्याच शेतात उगवलेलं पीक आहे, अशा मायेनं ते आमच्याकडे बघतात. दरवर्षी गणपतीच्या आरतीला येतात आणि एकदा तरी मला सांगतात, "मॅडम, तुमचा किचन हाय ना, तितं आमची म्हस बांदलेली असायची." मी दरवर्षी "हो का?" म्हणते. दुसरं काय म्हणणार?

रजा सुरू झाली त्या सुमारास ते मला भाजी बाजारात भेटले. म्हणाले, "मॅडम, कोनला द्राक्षाचा मळा केलाय. सायबांना घेऊन येवा. मांडवाखाली खुर्ची टाकून देतो. दिवसभर बसा. तुमच्याशी कोन बोलनार पन नाय."

कोनला द्राक्षं होतात का, हा प्रश्न शास्त्र शिकलेल्या बाईनं तिथल्या तिथे विचारायला हवा होता. आमच्याकडच्या हवेत डब्यातल्या मिठाला पाणी सुटतं. पावसाळ्यात भिंतींना बुरशी येते, चपलांना येते, एकदा अवधूतच्या पासबुकाच्या कव्हराला आली होती. अशा हवेत द्राक्ष कसं टिकेल? पण "तुमच्याशी कोन बोलनार पन नाय" हे वाक्य ऐकल्यावर माझी चिकित्सक वृत्ती गळून पडली. मी येते म्हणाले.

अवधूत माझे यजमान. बँकेत असतात. लोकांच्या खात्यांविषयी ते कमालीची गुप्तता पाळतात, आणि त्याची भरपाई आमच्या घरच्या बातम्यांतून करतात. लिफ्ट चौथ्या मजल्यावरून खाली येईपर्यंत त्यांनी शेजारच्या हेतलबेनना सगळं सांगून टाकलं होतं.

हेतलबेन तडक माझ्याकडे आल्या. "वसुबेन, तुम्ही द्राक्ष खायला जाते आणि आम्हाला सांगत पण नाय?"

"खायला नाही हो. बसायला."

"बसायला इतका लांब? बसायला तर मी पण येईन."

बसायला येणाऱ्या माणसाला नाही म्हणण्याची सोय मराठीत तरी नाही. त्यातच अवधूतनी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारलं, की पळस्पे फाट्याला रस्त्याचं काम चालू आहे का? रस्त्याविषयी कुणीच काही कळवलं नाही. सकाळी किती वाजता निघायचं, असं मात्र बऱ्याच जणांनी विचारलं.

इथे आमच्या सोसायटीचे सचिव कृष्णकांतकाका या प्रकरणात शिरले. काका सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आहेत, पण नोकरीच्या हे अजून लक्षात आलेलं नाही. ते दारातच उभे राहून म्हणाले, "ही सहल सोसायटीची, की खासगी?"

"खासगी," मी म्हणाले. "मुळात ही सहलच नाही."

"मग ग्रुपवर कशी आली? ग्रुपवर आलं की ते सोसायटीचं. सोसायटीचं म्हटलं की ठराव आला. आणि द्राक्षाचा मळा म्हणजे वाइन. वाइन म्हटली की परवाना."

"काका, तिथे वाइन नाही."

"नसू दे. परवाना असला आणि वाइन नसली तर काही बिघडत नाही. उलटं झालं तर बिघडतं."

या युक्तिवादात मला खोट काढता येईना. मनातल्या मनात मी त्यांना तर्कशास्त्रात पैकीच्या पैकी गुण दिले आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे मद्यसेवनाचे परवाने काकांनी स्वतः ऑनलाइन काढून, छापून घरोघर वाटले. माझ्या परवान्यावर व्यवसायासमोर नुसतंच 'पाणी' असं लिहिलं होतं. मी दुरुस्ती सुचवली. काका म्हणाले, दुरुस्तीसाठी चुकीचा परवाना आधी परत करावा लागतो, आणि परत करायची सोय ऑनलाइन नाही. त्यामुळे दारू पिण्याचा अधिकृत परवाना असलेली आणि व्यवसायानं पाणी असलेली महाराष्ट्रातली मी बहुधा एकमेव बाई असेन. आयुष्यात मी कधी दारूचा थेंब घेतलेला नाही. हे कुणाला सांगायला गेलं, तर परवाना का काढलात म्हणून विचारतील.

रजेच्या शेवटच्या दिवशी सकाळी आमची गाडी आणि तीन रिक्षा अशी वरात निघाली. माझ्या पिशवीत एक पुस्तक होतं आणि मांडीवर हेतलबेनच्या थेपल्यांचा डबा. हेतलबेन स्वतः मागच्या रिक्षात होत्या. पळस्प्याच्या पुढे त्यांच्या रिक्षावाल्यानं चुकीचं वळण घेतलं आणि रिक्षा थेट एक्सप्रेसवेच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. तिथे रिक्षाला बंदी आहे. पोलीस आला. त्यानं रिक्षावाल्याकडे परवाना मागितला, आणि रिक्षावाला खिसे चाचपतोय असं बघून हेतलबेननी मोठ्या विश्वासानं स्वतःचा पुढे केला. पोलिसानं तो नीट वाचला. मग हातातल्या घड्याळाकडे बघितलं. मग हेतलबेनकडे. "ताई, सकाळी सकाळी?" एवढंच तो म्हणाला म्हणे. रिक्षा सोडून दिली, पण ते तीन शब्द हेतलबेनना इतके लागले की त्या पुढे अर्धा तास कुणाशी बोलल्या नाहीत. त्या दिवशी मला हवी होती तेवढी शांतता मिळाली ती एवढीच, आणि तीही दुसऱ्याच रिक्षात.

कमळाकरशेठचा मळा गावाबाहेर, पण महामार्गाचा आवाज येईल इतक्या अंतरावर होता. फाटकावर नवी कोरी पाटी, आत लोखंडी खांबांचा आणि तारांचा ऐसपैस मांडव. आम्ही एवढे जण उतरलेले बघून शेठचा चेहरा क्षणभर पडला. पण आगरी माणूस दारात आलेल्याला परत पाठवत नाही. "येवा, येवा," ते म्हणाले. "गोदू, आनखी च्या टाक."

मांडवात सगळीकडे द्राक्षं लटकत होती. आमची मंडळी हरखून गेली. अवधूत फोटो काढू लागले. काकांनी "वाइन कुठे आहे?" असं विचारलं. शेठ म्हणाले, "वाइन नाय. नीरा मागवू काय?" तेव्हा काकांनी परवाना घडी करून खिशात ठेवला. तो काढल्याचा त्यांना जरा पश्चात्ताप झाल्यासारखा वाटला.

मी मात्र मांडवाच्या तोंडाशीच उभी राहिले होते. द्राक्षाचा घड वेलीला कुठेही लागत नाही. नव्या कोवळ्या फांदीवर, पानाच्या बरोबर समोर लागतो. इथे काही घड जुन्या लाकडाला होते. काही नुसत्या खांबाला होते. एकाच वेलीवर हिरवी आणि काळी अशी दोन्ही द्राक्षं शेजारधर्मानं नांदत होती. एक भलामोठा घड तर वेलीशी कसलाही संबंध न ठेवता थेट तारेलाच आलेला होता.

कुणी विचारल्याशिवाय निष्कर्ष सांगायचा नाही, ही मला सवयच आहे. पण हेतलबेननी, पोलिसाचं दुःख विसरावं म्हणून असेल, हात वर करून एक घड ओढला. घड हातात आला आणि त्याच्यामागून लांबलचक पांढरा दोराही आला.

"वसुबेन," त्या हळूच म्हणाल्या, "द्राक्षाला दोरा असते?"

शेठनी ते पाहिलं. मला खुणेनं शेडच्या मागे बोलावलं. तिथे नाशिकच्या छापाची रिकामी खोकी माणसाच्या उंचीइतकी रचून ठेवली होती.

"मॅडम, तुमी शास्त्रवाल्या. खरं सांगा. वळखाला येतंय काय?"

"येतं."

"जवळून?"

"फाटकापासून."

शेठ एका खोक्यावर बसले. खोकं खाली दबलं, त्याबरोबर तेही थोडे खाली गेले.

"आज परेशचे होनारे सासरे येतात," ते म्हणाले. "होनारे म्हंजे, आज पसंत पडलं तर. निफाडची मानसं. पोरगी आनि परेश बेलापूरला एका ऑफिसात हायत. पोरीचा बाप द्राक्षवाला. तेंचा माल बोटीनं भाएर जातो. फोनवर ते बोलले, आमची बाग हाय. मी बोलून गेलो, आमची पन हाय. मंग बाग लावली. वेली आल्या, पानं आली, द्राक्ष काय येना. आता त्या मानसाला मी काय दाखवू? अर्धी जिमीन रस्त्यात गेली, अर्धी बिल्डिंगींत. एक्सप्रेसवे दाखवू काय, का तुमचा किचन दाखवू?"

माझ्या स्वयंपाकघरात त्यांची म्हैस बांधलेली असायची, हे मी इतकी वर्षं एका कानानं ऐकत आले होते.

परेश शेडच्या दारात उभा होता. अत्यंत सभ्य मुलगा. "आबा," तो म्हणाला, "मी सांगत होतो—"

"तू गप रव. आदी मॅडमना बोलू दे."

खोटं बोलणं मला जमत नाही. पण खोटं बोल असं मला कुणी सांगत नव्हतं. घड कुठे असायला हवा, एवढाच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर वनस्पतिशास्त्रात आहे. शिवाय स्पष्टच सांगायचं तर ते काम इतकं गचाळ झालं होतं की मला बघवत नव्हतं. चुकीचा निकाल मी एकवेळ सहन करीन, पण चुकीच्या जागी लावलेलं लेबल माझ्याच्यानं बघवत नाही.

"करायचंच असेल," मी म्हणाले, "तर नीट करू."

मग पुढचा वेळ कसा गेला ते कळलं नाही. आमची सगळी बिऱ्हाडं कामाला लागली. हिरवी द्राक्षं एका बाजूच्या ओळींत आणि काळी दुसऱ्या बाजूला, असं मी ठरवून दिलं. खांबांवरची आणि तारांवरची काढायची. घड कोवळ्या फांदीवर, पानासमोरच बांधायचा. गाठ मागच्या बाजूला. काकांनी ताबडतोब प्रत्येक ओळीला एक प्रमुख नेमला, प्रमुखांवर लक्ष ठेवायला एक उपसमिती नेमली, आणि स्वतः खुर्चीत बसून "गाठी मागे" असं अधूनमधून ओरडू लागले.

दोरा गोदूताईंच्या घरचा होता. कमळाकरशेठच्या त्या मालकीण. कोनच्या बायका गजरे वळण्यात वाकबगार, त्यामुळे पहिली बांधणी त्यांनी आणि जावा-नणंदांनी मिळून केली होती. "बाय, आमाला काय मायती, पानासमोर का पानामागं," त्या मला म्हणाल्या. "आमी आपला माळला. देवाच्या मखराला माळतो तसा."

"छान माळलाय. फक्त द्राक्ष तसं वाढत नाही."

"आमचे हितं तर कसाच वाढत नाय," त्या शांतपणे म्हणाल्या आणि दोरा दातानं तोडला.

सल्ल्यांची कमतरता नव्हती. एकजण म्हणाली, घडांवर पाणी शिंपडा, ताजे दिसतील. दुसरी म्हणाली, साखरेचं पाणी शिंपडा, मधमाश्या येतील, मग खरं वाटेल. ही दुसरी सूचना दुर्दैवानं अमलात आली. मधमाश्या आल्या नाहीत, मुंगळे आले, आणि दुसऱ्या ओळीच्या प्रमुखांना स्टुलावरून उतरावं लागलं. अवधूतनी आपल्या वाटच्या घडांना बुटाच्या नाडीची गाठ मारली होती. वर दोन कान, फुलपाखरासारखे.

"अहो, हे काय?"

"पटकन सुटते," ते अभिमानानं म्हणाले.

तिसरी ओळ मी स्वतः घेतली. स्वतःच्या कामाविषयी बोलू नये, पण तिसरी ओळ चांगली झाली होती. फांदी पाहून घडाचा आकार निवडला होता, देठ किंचित वाकवून दोरा पानाच्या देठाखाली लपवला होता, एका फांदीला दोनांहून जास्त घड दिले नव्हते. दोन पावलं मागे जाऊन बघितलं तेव्हा मलाच ती पाठ्यपुस्तकातल्या आकृतीसारखी वाटली. रजा, पुस्तक, खुर्ची यांतलं मला काही आठवत नव्हतं. मी फार समाधानात होते.

पाहुणे ठरल्यापेक्षा लवकर आले.

उदयसिंहराव उंच गृहस्थ होते. पांढरा सदरा, पायांत मळ्यात फिरायच्या वहाणा, चेहऱ्यावर काहीच न सांगणारी शांतता. बरोबर त्यांची मुलगी अनुष्का. तिनं आल्या आल्या मांडवाकडे बघितलं, मग परेशकडे बघितलं, आणि डोळे मिटून घेतले.

"काढणी चाललीय वाटतं," उदयसिंहराव म्हणाले. कारण आम्ही सगळे हातांत कात्र्या घेऊन स्टुलांवर उभे होतो.

"हो," काका पुढे होत म्हणाले. "मी सचिव."

कशाचे, ते त्यांनी सांगितलं नाही आणि पाहुण्यांनी विचारलं नाही.

उदयसिंहराव मांडवात शिरले. शेठ मागोमाग. पहिल्या ओळीतून ते सावकाश गेले. दुसऱ्या ओळीपाशी अवधूतच्या फुलपाखरांकडे त्यांनी जरा जास्त वेळ पाहिलं आणि खोकल्यासारखं केलं. तिसऱ्या ओळीपाशी मात्र थांबले. त्यांनी एक घड खालून हलकेच तळहातावर घेतला. फांदी बघितली, पान बघितलं. मग दोन बोटांनी पानाच्या देठाखालून काहीतरी ओढून काढलं आणि तळहातावर ठेवलं.

ते अबोलीचं फूल होतं. गजऱ्याच्या दोऱ्यात राहून गेलेलं. सुकलेलं, पण रंग शाबूत.

"कमळाकरशेठ," ते म्हणाले, "द्राक्षाला अबोली आलेली मी पहिल्यांदाच बघतोय."

महामार्गावर एका ट्रकनं लांबलचक हॉर्न दिला, त्याचं सगळ्यांना बरंच वाटलं.

"ही ओळ कुणी बांधली?" उदयसिंहरावांनी विचारलं.

मी हात वर केला. शाळेत करतात तसा. वयाच्या या टप्प्यावर, लोकांसमोर, हातात कात्री धरून.

"बाकीच्या ओळींत हसू आवरत आलो," ते म्हणाले. "इथं मात्र क्षणभर वाटलं, आहे की काय खरंच."

फसवणूक पकडली गेल्यावर माणसाला लाज वाटायला हवी. मला वाटलीही. पण त्या लाजेत थोडीशी दुसरी एक भावना मिसळली होती. तिचं प्रमाण मी इथे सांगत नाही.

शेठ पुढे झाले. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "यात परेशची चुकी नाय," ते म्हणाले. "पोरगा नको नको बोलत व्हता. मीच केला. माजेकडं दाखवासारखं काय उरलं नाय, म्हून केला. तुमी मना काय बोलायचं ते बोला. तेला नको."

उदयसिंहराव मुलीकडे वळले. "अनू, तू यांना सांगितलं नव्हतंस?"

"परेशला सांगितलं होतं," ती म्हणाली. "म्हटलं होतं, पप्पांसमोर बागेचा विषयसुद्धा काढू नका."

"मी आबांना सांगणारच होतो," परेश म्हणाला, "पण तोवर द्राक्षांचा टेम्पो आला होता."

उदयसिंहराव घाईत मांडवातच राहिलेल्या एका खोक्यावर बसले. खोक्यावरचा छाप वाचून म्हणाले, "आमच्याच तालुक्यातला माल आहे." शेठ अजून टोपी हातात धरून उभे होते.

"शेठ, मी आज इथं नाही म्हणायला आलो होतो."

गोदूताईंनी पदर तोंडाशी नेला.

"तुम्ही फोनवर म्हणालात, आमचीही बाग आहे, तेव्हाच मी ठरवलं. या घरात मुलगी द्यायची नाही. द्राक्षाच्या घरात वाढली, आता परत द्राक्षाच्याच घरात? ऑक्टोबरात छाटणी झाली की माल निघेपर्यंत आमच्याकडे कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नाही. सगळे वर बघतात. जेवताना ढग आला की हिची आई ताटावरून उठते. हिच्या वाढदिवसाला एका वर्षी गारा पडल्या, तर आम्ही केक तसाच टाकून बागेत. हिनं एकटीनं मेणबत्ती विझवली. तेव्हापासून माझ्या मनात बसलंय, पोरीला असं घर बघायचं जिथं पाऊस आला तर लोक भजी तळतील." त्यांनी पुन्हा एकदा मांडवावरून नजर फिरवली, प्रत्येक ओळ, शेवटपर्यंत. त्यांचा चेहरा उजळत गेला. "आणि इथं बघतो तर एकसुद्धा घड खरा नाही."

शेठना हे समजायला वेळ लागला. "म्हंजे... आमचेकडं द्राक्ष नाय, म्हून..."

"म्हणूनच."

"म्हणजे प्रस्ताव मंजूर?" काकांनी विचारलं. कामकाजात संदिग्धता त्यांना चालत नाही.

उदयसिंहराव मुलीकडे बघून हसले. ती परेशकडे बघत होती, आणि परेश अवधूतच्या फुलपाखरांकडे. "मंजूर," ते म्हणाले.

गोदूताई आत पळाल्या आणि सवयीनं द्राक्षांचंच ताट भरून घेऊन आल्या. उदयसिंहरावांनी ते अदबीनं बाजूला सरकवलं. "वहिनी, हे सोडून काहीही द्या."

मग बांधावर पोपटी लागली. थंडीच्या दिवसांत आमच्याकडे ती होतेच. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, ओवा-मीठ. मडकं उपडं घालून भोवती जाळ. उन्हं कलेपर्यंत शेंगा शिजल्या. उदयसिंहराव मांडी घालून बसले आणि एकेक शेंग सोलून खाऊ लागले, कुठेही वर न बघता. हेतलबेननी थेपले काढले. काकांनी पोपटी कोणत्या नियमात बसते ते विचारलं नाही, म्हणजे त्यांनाही ती आवडली असावी.

"हे वाल इथं आपोआप होतात?" उदयसिंहरावांनी विचारलं.

"पेरले का होतात," शेठ म्हणाले. "काय करावा लागत नाय."

"फवारणी?"

"कसली?"

उदयसिंहरावांनी डोळे मिटून मान हलवली. "शेठ, माझी एकच अट आहे. मांडव उत्तम आहे, तो राहू द्या. त्याच्यावर घेवडा चढवा, घोसाळी चढवा, भोपळा सोडा. पण या मांडवावर मला पुन्हा द्राक्षाचा मणी दिसता कामा नये. एक जरी दिसला तरी तुम्ही त्याच्या मागे लागाल. माणूस लागतोच. मला माहीत आहे."

"देवाची आन," शेठ म्हणाले. "एक मनी दिसनार नाय."

सगळे पोपटीभोवती बसलेले बघून मी हळूच उठले आणि मांडवाच्या पार टोकाला गेले. तिथे शेठनी सकाळी माझ्यासाठी टाकलेली खुर्ची होती. मी बसले. कुणी माझ्याशी बोलत नव्हतं. वेलींवरून सोडवलेली द्राक्षं आपापल्या पिशव्यांत भरून लोक निवांत झाले होते. वेलींवर आता फक्त त्यांची स्वतःची पानं होती, आणि ती त्यांना शोभत होती. रजा कारणी लागली, असं मला मनापासून वाटलं.

पुस्तक उघडणार, तेवढ्यात सहज वर बघितलं. शेवटच्या वेलीच्या कोवळ्या फांदीवर, पानाच्या बरोबर समोर, एक घड होता. बोटाच्या पेराएवढा. मणी मिऱ्याच्या दाण्यांहून जरासेच मोठे. मी खुर्चीवर चढून पाहिलं. दोरा नव्हता.

आणि त्याच वेळी उदयसिंहराव आणि शेठ, भोपळा कुठून चढवायचा ते बघत, बोलत बोलत माझ्याच दिशेनं येताना दिसले. शेठनी तो घड पाहिला असता तर काय झालं असतं, हे मला लख्ख दिसलं. पुढच्या वर्षी छाटणी, त्याच्या पुढच्या वर्षी फवारणी, आणि या घरातसुद्धा ढगाकडे बघत ताटावरून उठणारी माणसं. एकदा केलेलं निरीक्षण मी आजवर कधी दडवलेलं नाही. मी घड तोडला. ठेवायला जागा नव्हती. पिशवी खुर्चीच्या पलीकडे होती, मुठीत धरला तर हात मिळवायची पाळी आली असती. मी तो तोंडात टाकला आणि खाली उतरले.

"काय खाताय, बाई?" उदयसिंहरावांनी आपुलकीनं विचारलं.

"बडीशेप," मी म्हणाले.

इतकं आंबट काही मी प्रयोगशाळेतसुद्धा चाखलेलं नाही. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. उदयसिंहरावांनी माझ्याकडे पाहिलं, मग लांब बांधावर शेंगा सोलत बसलेल्या परेश-अनुष्काकडे पाहिलं, आणि खिशातून रुमाल काढून आधी स्वतःचे डोळे टिपले.

"तुमचा फार जीव दिसतोय मुलावर," ते म्हणाले, आणि त्यांनी तो रुमाल मला दिला.